शेलारचे पाच बोळे

माझं शेवटचं पोस्टिंग धायरीतल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये झालं. हुद्दा : हवालदार, व्हेइकल मेकॅनिक, रिटायर्ड. हुकूम शेलार वहिनींचा.

नाईक शेलार आमच्या युनिटचा ड्रायव्हर. आम्ही अकरा वर्षं एकत्र काढली, त्यातली चार लडाखमध्ये. निवृत्तीनंतर त्याने एक जुनी डिझेल जीप घेतली, तीन लाख किलोमीटर पळालेली. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी त्याने जीप धुतली, चहाला वर गेला आणि चहा उकळायच्या आत संपला. हार्ट अटॅक. तेव्हापासून वहिनी रोज ०६०० वाजता खाली येऊन पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायच्या. तो आवाज ऐकल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे.

आणि तेव्हापासूनच जीपमधून तेल गळायला लागलं.

सोसायटीचे सेक्रेटरी लेले मूळचे शनिवार पेठेतले. त्यांनी नव्या फरशीवरच्या डागाशेजारी पाटी लावली : 'हे तेल कोणाचे आहे हे सर्वांस ठाऊक आहे. मालकांनी घेऊन जावे.' नंतर मीटिंगमध्ये ठराव झाला. रविवारी ०९०० वाजता तपासणी. एक थेंब दिसला तरी जीप भंगारात.

वहिनींचा फोन आला. "भावोजी, गाडी गेली तर मी सकाळी उठू कशाला?"

सोमवारी ०८०० वाजता मी जीपखाली होतो.

इंजिनाच्या वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. मंगळवारी तेल खालच्या चेंबरमधून आलं. चेंबरचं पॅकिंग बदललं आणि सवयीने चेंबरला हिरवा रंगही मारला. तेल रंगावरून गळलं. बुधवार-गुरुवार गिअरबॉक्स उतरवून मागचं ऑइल सील टाकलं. शुक्रवारी तेलाने पुढच्या बाजूने वाट काढली. एवढा हट्टी शत्रू मला सीमेवरही भेटला नव्हता.

वहिनी चौथ्या मजल्यावरून टेहळणी करायच्या. वायरलेसवर कसं बोलतात ते शेलारने त्यांना शिकवलं होतं. फोन खणखणायचा. "लेले निघाले. हातात वही. ओव्हर."

"हवालदारसाहेब," लेले वाकून म्हणाले, "सैन्यात आपण नक्की काय करत होता?"

"इंजिन दुरुस्ती."

"अस्सं. जवान एवढे पायी का चालतात, ते आज कळलं."

शनिवारी १६०० वाजता मी हार मानली. वहिनींना काय सांगायचं ते जुळवत हत्यारं आवरत होतो, तेवढ्यात सीटखाली शेलारचा पत्र्याचा डबा दिसला. त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं : 'बोळे – ५ नग.'

हा नियम माझाच. लडाखमध्ये सीओसाहेबांच्या इन्स्पेक्शनआधी आम्ही इंजिनं धुवायचो. पाणी आत जाऊ नये म्हणून नळीच्या प्रत्येक उघड्या तोंडात कापडाचा बोळा कोंबायचा. धुऊन झालं की बोळे काढायचे, मोजायचे, डब्यात ठेवायचे. गिनती जुळल्याशिवाय शेलार जेवायला बसत नसे.

डबा दिसला की मोजायचा, ही सवय काही सुटत नाही. मोजले. चार. पुन्हा मोजले. चारच.

मी खाली फरशीवर बसलो.

इंजिनला ब्रीदर नावाची एक नळी असते. आतला दाब तिच्यातून बाहेर पडतो. ती बंद झाली की तोच दाब तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. तेल गळालं तर आधी ब्रीदर बघा, हे मी वीस वर्षं रिक्रूटांना ओरडून सांगितलं. या जीपचा मात्र बघितला नाही. गाडी शेलारची होती, आणि शेलार विसरत नाही हे मी गृहीत धरलं होतं.

पक्कड घातली. आतून हिरव्या बनियनचा तुकडा निघाला. पाचवा बोळा.

रविवारी ०९०० वाजता लेल्यांनी जीपखाली वर्तमानपत्र पसरलं. कालचं. आजचं त्यांना वाचायचं होतं. वहिनी स्टिअरिंगवर, मी चाकाशेजारी उताणा.

"स्टार्ट," मी म्हणालो.

पंधरा मिनिटं इंजिन चाललं.

"थेंब?" वहिनींनी विचारलं.

"निल."

लेल्यांनी चष्मा लावून पान तपासलं, उलटून पाहिलं. "बातम्या आहेत. तेल नाही," ते म्हणाले, आणि पाटी काढून काखेत मारून गेले.

मी खिशातून बोळा काढून वहिनींना दिला, कुठे अडकला होता ते सांगितलं. त्यांनी इंजिन बंद केलं.

"त्या दिवशी हे वर आले ना, तेव्हा म्हणाले, चहा टाक, पिऊन परत खाली जातो, एक काम राहिलंय. आठ महिने मी विचार करतेय भावोजी, कसलं काम."

मला रडू आलं. ते लपवायला मी पुन्हा जीपखाली गेलो. तिथे आता काहीच काम नव्हतं.

वहिनींनी बोळा साबणाने धुतला, गॅलरीत वाळत घातला. संध्याकाळी घडी करून खाली आणला, डब्यात ठेवला आणि एकेकाला बोट लावून मोजलं.

"पाच," त्या म्हणाल्या.

नाईक शेलारचं राहिलेलं काम १८३० वाजता पूर्ण झालं.