मावशींना आठवेनासं झालं

बस दुरुस्तीच्या कारखान्यात सुट्या भागांचं गोदाम मावशी सांभाळायच्या. तेवीस वर्षं. खिडकीशी येऊन कुणी नुसतं "मावशी, मागच्या ब्रेकचं लायनर" म्हटलं, की मान वर न करता उत्तर यायचं, "चौथी रांग, खालचा कप्पा. आणि एकच घे."

मग कंपनीने सॉफ्टवेअर आणलं. कुठला माल कुठे आहे, ते सगळं मावशींनीच त्यात बिनचूक भरलं. तीन दिवस शिकवणी झाली, साहेबांनी दमही भरला. मेकॅनिक मंडळी माना डोलवायची आणि ये रे माझ्या मागल्या, पुन्हा खिडकीशी हजर. सात बटणं दाबण्यापेक्षा एक हाक मारणं केव्हाही सोपं. मावशींनाही ते मनातून आवडायचं, खोटं कशाला बोला!

अशात परगावी लेकीचं पहिलं बाळंतपण आलं. मावशींनी दोन महिन्यांची रजा मागितली.

"तुम्ही गेलात तर इथे साधा नट सापडायचा नाही," साहेब म्हणाले. "फार तर आठ दिवस घ्या."

लेक फोनवर नुसतं "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" मावशींना फार लागलं.

सोमवारी थोरल्या मेकॅनिकने क्लचप्लेट मागितली. मावशींनी कपाळ चोळलं. "कुठे ठेवली रे मी? आठवेना बघ. कम्प्युटरला विचार."

"थट्टा करता होय मावशी?"

"वय झालं बाबा."

चरफडत त्याने बटणं दाबली. प्लेट मिळाली. दुपारी दुसऱ्यालाही तेच उत्तर. चार दिवस सगळ्यांनी सॉफ्टवेअरच्या नावाने बोटं मोडली, मग हात बसला, आणि महिन्याभरात तेच एकमेकांना शिकवू लागले. मावशींचं डोकं चालेनासं झालंय, अशी कुजबुज त्यांच्याही कानावर आली. त्यांनी ती गिळली.

मग नवा अर्ज घेऊन त्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी एक नजर टाकून सही ठोकली.

"दोनच महिने? हवे तितके दिवस राहा मावशी. आता तुमच्यावाचून काही अडत नाही."

हेच ऐकायला महिनाभर नाटक केलं होतं, आणि ऐकल्यावर मात्र जिन्यात बसून त्या ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून लेकीला फोन लावला.

"येतेय गं."

"किती दिवस, आई?"

"हवे तितके," मावशी म्हणाल्या.