गपचूप नदीत पडतो

जंगलातल्या नदीवर गळ टाकून बसायला लोक लांबून लांबून येत, काठावरच्या कँपमध्ये तंबूत राहत. या कँपवर एका माणसाला निव्वळ लोकांना गप्प करायची नोकरी होती. पाहुणे त्याला गपचूप म्हणत. आवाजाने मासे बुजतात, अशी कँपच्या मॅनेजरची पक्की समजूत. माशांना कोणी विचारलं नव्हतं.

ओठांवर बोट ठेवून गपचूप दिवसभर काठाने फिरे. कोणाला शिंक येतेयसं दिसलं, की जाड टॉवेल घेऊन धावे. खोकायचं असेल तर आत झाडीत जागा ठरवून दिली होती. गारठ्याच्या दिवसांत सकाळी तिथे रांग लागे, आणि रांगेतसुद्धा कोणी हूं की चूं करत नसे. एकदा झाड ठोकणाऱ्या सुतारपक्ष्याला त्याने खालून इतक्या कडक नजरेने दटावलं, की पक्षी खरंच उडून गेला. मॅनेजरने खूश होऊन त्याला हिरवी टोपी दिली. झालं, गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला.

गंमत म्हणजे हाच माणूस पूर्वी बस स्टँडवर गाड्या पुकारायचा. माईकची गरजच पडायची नाही. समोरच्या इमारतीत शिवणकाम करणारी एक मुलगी त्या आवाजावर भाळली आणि कुठेही जायचं नसताना स्टँडवर येऊन उभी राहू लागली. तीच त्याची बायको. तिने लग्न केलं आवाजाशी आणि पदरात पडलं ते बोट.

कारण नोकरी घरातही शिरली. त्याने खुर्च्यांच्या पायांना फडकी बांधली, बिजागऱ्यांत तेल ओतलं, बायकोचं शिलाई मशीन गादीवर ठेवायला लावलं. गादीवरच्या मशीनवर एक शिवण सरळ येईल तर शपथ! तिने काही सांगायला तोंड उघडलं, की याचं बोट ओठांवर. बिचारीने किती कळ काढावी? शेवटी बहिणीकडे कायमचं राहायला जायचं तिने ठरवलं. तेही सांगायला गेली तर, "शूऽऽ!"

म्हणून त्या दिवशी ती बॅग घेऊन थेट नदीवरच आली.

"अहो, मी निघाले. आता परत यायची नाही," ती म्हणाली.  तिच्याशिवाय घर ही कल्पनाच गपचूपला सहन होईना. पण दोन्ही काठांवर पाहुणे बसलेले! झाडीत चल, तिथे बोलू, असं तो हातवारे करून सांगू लागला. त्या नादात शेवाळावरून पाय सटकला आणि स्वारी पाण्यात.

पोहण्याच्या नावाने शंख होता. "वाचवा!" तो ओरडला. दोन्ही काठांवरच्या माना एकदम वळल्या आणि सगळ्यांनी शिस्तीत ओठांवर बोटं ठेवली. गपचूप गटांगळ्या खात खाली गेला, पुन्हा वर आला, आणि खरं सांगायचं तर त्यालाही जरा ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या वेळी त्याने मदत हळू आवाजात मागितली.

तेव्हा बायको कडाडली. "अरे मेल्यांनो, माणूस बुडतोय तिथे! काठ्या कसल्या धरून बसलाय?"

कोणाकोणाच्या हातातून काठ्याच गळून पडल्या. प्रवाहाच्या दिशेने थोडं खाली बसलेल्या एका दंतवैद्याने मात्र बेताने गळ फेकला, तो बरोबर गपचूपच्या कॉलरमध्ये रुतला. दोरी तुटू नये म्हणून वैद्य ती मध्येच सैल सोडी, पुन्हा गुंडाळी. मोठ्या माशाला दमवतात तसं दमवत दमवत त्याने गपचूपला काठाला लावलं. मग मात्र तो अडचणीत पडला.

"वहिनी," तो कुजबुजला, "कँपचा नियम आहे. जे गळाला लागेल ते परत पाण्यात सोडायचं."

"सोडून तर बघा!" ती गरजली. नवऱ्याच्या पाठीत दोन गुद्दे घालून तिने पाणी बाहेर काढलं. तो नीट श्वास घेतोय असं दिसल्यावर पदराने हात पुसले, बॅग उचलली आणि पायवाटेला लागली. जीव वाचवला म्हणून राग थोडाच जातो?

एवढ्यात मॅनेजर लालबुंद होऊन धावत आला. नोकरी हवी असेल तर यापुढे चकार शब्द नको, असं त्याने खुणेनेच बजावलं. गपचूपने त्याच्याकडे पाहिलं, मग वाटेकडे. ती झाडांआड दिसेनाशी होत होती.

"अगं, जाऊ नकोस!" तो छाती फुटेस्तोवर ओरडला. "मला तू हवी आहेस!"

पाखरांचे थवेच्या थवे उठले. नदीतले मासे होते-नव्हते तेवढे पसार झाले असतील. ती थांबली, पण वळली नाही.

"काय म्हणालात? मला ऐकू नाही आलं."

साऱ्या जंगलाला ऐकू गेलं होतं. त्याने पुन्हा श्वास भरून घेतला.