शून्य क्रमांक घरी नाही

दुपारी घरून ड्रायव्हरचा, म्हणजे संगणकाचे भाग ओळखून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, कोड लिहीत होते. संगणकात ज्या वाटेवर सगळी कार्डं जोडलेली असतात तिला बस म्हणतात. मशीन सुरू झालं की माझा कोड तिथल्या प्रत्येक जागेला विचारत जातो, कोण आहे? एका कार्डावर कंट्रोलर, म्हणजे काम चालवणारे भाग, कितीही असोत, त्यांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात आणि विचारायचं आधी शून्य क्रमांकाला. तिथून उत्तर नाही आलं, तर जागा रिकामी समजून पुढं जायचं. बाकीच्यांना कोणी विचारतच नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी.

"साहेब आहेत का? टाकीच्या गळतीचं जरा बोलायचं होतं."

"ते ऑफिसला गेलेत. मला सांगा ना."

"नको नको, तुम्हाला कशाला त्रास? रविवारी येतो."

गळतंय ते माझ्या स्वयंपाकघरात. तक्रारही मीच केली होती, यांच्याकडेच. हे मी सांगेपर्यंत त्यांनी शेजारची बेल दाबलीसुद्धा.

परत येऊन बसले. ती ओळ स्क्रीनवर तशीच होती. शून्याचं उत्तर नाही, पुढं चला. तिच्यावर मात्र रागावता येईना. यंत्राला निदान डोळे नसतात.