सुमनताईंची पाथरी

सुमनताईंनी माझी गरम कढई उचलली आणि सगळी भाजी संडासात ओतून फ्लश केली.

त्यात घरातला शेवटचा लसूण होता. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

काल सकाळी परभणीत ताई गेल्या. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला त्या कढईपासूनच सुरुवात करावी लागेल.

कुवेत, फेब्रुवारी १९९१. रिग्गईतला आमचा फ्लॅट. बॉम्बच्या हादऱ्यांनी फुटू नयेत म्हणून काचांवर चिकटपट्ट्या.

आधीच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य घुसलं आणि आमच्या ओळखीतले बहुतेक सगळे बसने अम्मानला आणि तिथून विमानाने घरी गेले. मी गरोदर, त्यात ब्लीडिंग. डॉक्टर म्हणाले, बसचं नावही काढू नका.

माझा नवरा प्रकाश हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. तो माझ्यासाठी राहिला.

ताई त्याच हॉस्पिटलात नर्स, आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. त्या पेशंटसाठी राहिल्या. "वॉर्ड रिकामा झाला की जाते," म्हणायच्या. वॉर्ड काही रिकामा होईना.

जानेवारीत आमची मुग्धा झाली.

आणि मला दूध पुरेना.

पावडरचा डबा कुठल्याच दुकानात नाही. मी खात होते ते खुब्ज, म्हणजे तिथली रोटी, आणि डाळीचं पाणी. मुग्धा रडायची. मग दमून रडायचीही थांबायची, आणि ते थांबणं मला जास्त घाबरवायचं.

ताई एकदा सहज बोलून गेल्या, "आमच्याकडं बाळंतिणीला पाथरीची भाजी देतेत. दूध उतरतंय."

पाथरी म्हणजे शेताच्या बांधावरची पिवळ्या फुलाची रानभाजी. हिवाळ्यात पाऊस पडून गेला की कुवेतच्या वाळूतही तिची सख्खी बहीण उगवते.

आदल्या वर्षी, सगळं सुरळीत असताना, शुक्रवारच्या पिकनिकला ताईंनी जहरा गावाच्या पुढे गाडी थांबवून ती आम्हाला दाखवली होती. तिथं पिवळी फुलं चिक्कार. वेगवेगळ्या जातींची, पण लांबून सगळी सारखीच. ताई एकेक देठ मोडून काहीतरी समजावत होत्या आणि आमचं सगळ्यांचं लक्ष बिर्याणीच्या डब्याकडे.

"ताई, पिवळं ते पिवळं," प्रकाश म्हणाला होता.

"पिवळं बघून भुलू नका, प्रकाशराव. मोडून बघा."

प्रकाश पक्का पुणेरी. पालेभाजी जुडी बांधलेली असेल तरच ओळखणार. पण आमच्या दोघींकडे बघवेना, म्हणून त्या कढईच्या दिवशी ताई ड्युटीवर असताना तो बिल्डिंगमागच्या रिकाम्या प्लॉटवर गेला आणि पिशवीभर पाथरी घेऊन आला. कातरलेली पानं, पिवळी फुलं. कोणाला शंका येणार?

किती दिवसांनी घरात हिरवं काही आलं होतं. मला भरूनच आलं. मी ती चिरली, लसणाची फोडणी दिली, झाकण ठेवलं.

ड्युटीवरून येताना ताई रोज आमच्याकडे डोकावायच्या. त्या दिवशी त्यांनी आधी बाळाकडे नाही, ओट्याकडे पाहिलं.

"कोण आणलंय हे?"

"प्रकाशनं. पाथरी आहे."

ताईंनी उरलेला एक देठ उचलून मोडला आणि माझ्या नाकासमोर धरला. कोरडा.

"पाथरीतून पांढरा चीक येतंय. आन् ह्या फुलाच्या मधी बघ, गोल टिकली हाय. पाथरीला टिकली नसतीय, नुसत्या पाकळ्या. हे इथलं विषारी नुवेर हाय, लिव्हरची वाट लावतंय. खाल्लीस का?"

"नाही अजून."

"तू खाणार, आन् जाणार तिच्या पोटात."

मग कढई.

मला ते ऐकू आलं होतं, समजलंही होतं. पण भूक समजून घेत नाही. मी भांडले, मग जमिनीवर बसून रडले. ताईंनी पिशवी घेतली, प्रकाशला म्हणाल्या, "चला."

पुढचं प्रकाशनं सांगितलेलं. प्लॉटच्या कोपऱ्यावर इराकी सैनिकांचं चेकपोस्ट होतं. ताई पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये उकिडव्या बसून देठ मोडतायत, चीक आला तर पिशवीत, नाही आला तर बाजूला. एक शिपाई बंदूक घेऊन समोर उभा राहिला.

ताईंनी चीक लागलेली बोटं त्याला दाखवली. मोडक्या अरबीत म्हणाल्या, "हलीब. बेबी." दूध, बाळासाठी.

त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं. मग बंदुकीच्या नळीनं पलीकडची भिंत दाखवली.

तिकडे जास्त होती.

त्या दिवशी भाजी ताईंनी केली. बिनलसणाची आणि चांगलीच कडू. मी ताट पुसून खाल्ली. त्यानंतरही त्या आणत राहिल्या, आणि मी खाईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

काही दिवसांत मुग्धा पोटभर पिऊन झोपायला लागली.

खूप वर्षांनी मी विचारलं होतं, "ताई, खरंच भाजीनं आलं हो दूध?"

"भाजीनं आलं का कुणीतरी समोर बसून जेवू घातलं म्हणून आलं, मला काय माहीत? आलं ना. बास."

मुग्धा आता कॅनडात असते. काल तिला फोनवर ताई गेल्याचं सांगितलं.

रात्री तिचा फोटो आला. तिच्या घरामागे सध्या गोल्डनरॉड नावाचं रानफूल फुललंय. त्याच्या म्हणे कितीतरी जाती, आणि तिथल्या लोकांनाही धड ओळखता येत नाहीत. फोटोत तिच्या हातात एक पिवळा तुरा होता, देठ मधोमध मोडलेला.

खाली लिहिलं होतं, "आई, मोडून बघितलं. नो मिल्क. ताईआजीला सांग."

ताई, सांगितलं हो.

तुम्ही भरवलेलं अजून पुरतंय आम्हाला. शांतपणे जा.