इत्थम् अधिक शाल

बाबांना चारचौघांत गप्प करायला मला एकच शब्द पुरला, आणि तो त्यांनीच मला शिकवलेला होता.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर बाबा मुलुंडच्या आमच्या घरी पत्रिका बघायला लागले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. दर वाढदिवसाला ते माझं वर्षफल मांडायचे, म्हणजे पुढच्या एका वर्षाची कुंडली. निळ्या शाईतलं एकच पान, वर माझी जन्मवेळ, खाली दहाबारा ओळी. माझा त्या ग्रहताऱ्यांवर कवडीचा विश्वास नव्हता. तरी ते पान मला हवंच असायचं, कारण बाबांनी तोंडाने कधी धड विचारपूस केली नाही. 'पित्त सांभाळावे', 'साहेबाशी वाद टाळावा' असं त्यात लिहिलेलं असलं की आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे एवढं कळायचं.

मांडायचं कसं, हेही त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. वेगवान ग्रह मागून येऊन मंद ग्रहाला गाठायच्या बेतात असला की तो इत्थशाल योग. गाठ पडणार, काम होणार. हा शब्द मी वर्षानुवर्षं ऐकत होते.

पुढे अंधेरीत एका भाषांतराच्या ऑफिसात मला नोकरी लागली. आखातात कामाला निघालेल्या लोकांचे दाखले तिथे अरबीत करून मिळायचे, माझ्याकडे फॉर्म भरायचं काम. अरबी आली तर बढती मिळणार होती, म्हणून मी संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. पहिल्याच आठवड्यात बाबांनी जेवणाच्या टेबलावर माझी वही पाहिली.

"ही लिपी या घरात आणायची नाही."

"का पण?"

"नाही म्हटलं ना!"

तेव्हापासून वही ऑफिसच्या खणात राहायला गेली. तिशी उलटलेल्या बाईने गृहपाठ लपवून करायचा! मला त्यांचा इतका राग आला होता की महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते.

आमच्या सरांनी एकदा सांगितलं की अरबीत जे आकडे लिहितात त्यांना तिकडचे लोक 'हिंदी अंक' म्हणतात, कारण ते आपल्याकडून तिकडे गेले. हे मी घरी सांगितलं आणि बाबा एकदम खूश! वही चालत नव्हती, त्या वहीतली ही बातमी मात्र चालली. येईल त्याला तेच ऐकवायला लागले.

मग एक दिवस फॉर्म भरताना 'संपर्क क्रमांक' या रकान्यासमोरचा अरबी शब्द मी मोठ्याने वाचला. इत्तिसाल. पुन्हा वाचला, कानाला तो इत्थशालच लागला. सरांना विचारलं तर म्हणाले, मूळ अर्थ जोडलं जाणं. जुन्या ज्योतिषात ग्रहांची गाठ पडते, त्यालाही हाच शब्द. मी घरी जाऊन बाबांचा ग्रंथ उघडला. वर्षफलाच्या त्या पद्धतीचं नावच ताजिक, म्हणजे अरब-इराणी लोकांची. पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं.

मी रविवारची वाट पाहिली. एकांतात सांगता आलं असतं, पण मला ते एकांतात सांगायचंच नव्हतं.

रविवारी वरच्या मजल्यावरचे शेजारी पत्रिका घेऊन आले होते. बाबांचे हे पट्टशिष्य. बाबा रंगात येऊन म्हणाले, "आपण जगाला दिलं. आपण कुणाकडून काही घेतलेलं नाही."

"इत्थशाल घेतलाय की," मी म्हटलं. "अरबी शब्द आहे, बाबा. आमच्या फॉर्मवर फोन नंबरच्या पुढे असतो."

शेजारी हसले. "काय गं, काहीही! काका, ऐकताय ना?"

मी आतून ग्रंथ आणला आणि पहिलं पान दोघांच्या पुढ्यात ठेवलं. बाबांनी तो मिटून बाजूला ठेवला. शेजारी चहा अर्धा टाकून उठले.

दार लागल्यावर बाबा म्हणाले, "ताजिक म्हणजे कोण, हे मला ठाऊक नाही असं वाटतं तुला? माझ्या गुरुजींनीच सांगितलं होतं."

"मग माझी वही का चालत नाही?"

"माहीत असणं वेगळं. चारचौघांत बोलणं वेगळं."

ते अडाणी असते तर मी सोडून दिलं असतं. माहीत असून त्यांनी माझी वही घराबाहेर काढली, याची चीड मला आजही येते. त्या वाढदिवसाला पान आलं नाही. त्यानंतर कुठल्याच नाही. मी मागितलं नाही.

यंदा त्याच शेजाऱ्यांनी बाबांकडून शिकलेलं सगळं एका पुस्तिकेत छापलं आणि सोसायटीत वाटलं. त्यात लिहिलंय, 'इत्थशाल हा शुद्ध संस्कृत शब्द असून इत्थम् अधिक शाल अशी त्याची फोड होते.' मी वाचून इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

माझ्या वाढदिवसाच्या सकाळी बाबा ती पुस्तिका आणि पेन्सिल घेऊन माझ्या खोलीच्या दारात आले. ऐंशी उलटलीय, हात कापतो.

"हे चुकलंय गं," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा छापणार आहेत. तू नीट करून दे. समासात तुझ्या त्या लिपीत लिहिलंस तरी चालेल."

कित्येक वर्षं मी हेच ऐकायला थांबले होते. आणि मी काय म्हणाले?

"ती लिपी या घरात आणायची नाही ना, बाबा?"

त्यांनी पेन्सिल खिशात टाकली आणि पुस्तिका मिटली. मिटताना आत घडी घातलेला एक कागद दिसला. वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईत, वेड्यावाकड्या अक्षरात, माझी जन्मवेळ होती.

मला हाक मारता आली असती. पुस्तिकेसकट तो कागद घेऊन ते आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.