भोंग्याच्या नळ्यातली ओटी

सांगलीतल्या आमच्या गल्लीला पूर आल्याचं कुणी सांगायला लागत नव्हतं. घाट हाकेच्या अंतरावर. नदी फुगली की घरातलं कुणीतरी सारखं जाऊन पायऱ्या बघून यायचं. "देवळाच्या पायरीला लागलं का?" एवढंच विचारायचं. लागलं नसलं तर भाकऱ्या थापायच्या, लागलं असलं तर गाद्या माळ्यावर टाकायच्या.

नव्वदीनंतर कधीतरी हे बदललं. घाटाच्या भिंतीला एक उभा लोखंडी नळा बसवला, घागर मावेल एवढा रुंद. आत पोकळ गोळा. नदी चढली की गोळा वर, उतरली की खाली. तिथून वायर खांबाखांबावरून पाटबंधाऱ्याच्या हापिसात गेली आणि तिथला काटा आपोआप हलायला लागला. काटा लाल खुणेवर गेला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी लावलेला भोंगा आपला आपण वाजणार. हापिसातल्या साहेबांनी गल्ली गोळा करून सगळं समजावलं, भोंगा वाजवूनही दाखवला. कुत्री शेपूट घालून पळाली आणि आम्ही हसून हसून लोळलो.

माझे वडील, आबा, तर इतके खूश झाले की त्यांनी घाटावर जाणंच सोडलं. "नदीपाशी आता कायमचा माणूस बसवलाय," म्हणायचे, "आपण कशाला भिजा?" हळूहळू सगळ्यांनीच पायऱ्या बघणं सोडलं.

पुढच्या एका श्रावणात माझी धाकटी बहीण तासगावाहून माहेरी बाळंतपणाला आली. मीही सासरहून मदतीला आले होते. तिची ही दुसरी खेप. पहिलं मूल पोटातच गेलं होतं, त्यामुळं आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. मिरजेच्या दवाखान्यात नाव घातलं होतं, रिक्षावाल्याला सांगून ठेवलं होतं, तरी ती उठून उठून लेकीचं तोंड बघायची.

नदीला नवं पाणी आलं की आमच्याकडं बायका तिची ओटी भरतात. आईनं त्या वर्षी हिरवा, लाल काठाचा खण काढला. बहिणीच्या सासूनं डोहाळजेवणाला दिलेला. मी म्हटलं, "एवढा चांगला खण पाण्यात घालणार?"

"माझ्या लेकीला सुखरूप सोडवायची हाय तिनं. तिथं चिकटपणा करू व्हय?"

नारळ, तांदूळ, हळकुंड खणात बांधून ती गेली आणि लगेच परत आली. पाय कोरडे. "पायऱ्या लय निसरड्या झाल्यात," म्हणाली, "पर उतरावं लागलं न्हाई. सरळ माईच्या पदरात पडली बघ." तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसला. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडं पावसाचा टिपूस नव्हता. कोयनेकडं मात्र धो धो चालला होता. जेवणं झाली, आबा आरामखुर्चीत पेपर तोंडावर घेऊन पडले, बहीण आत आडवी झाली. मी भांडी घासायला मोरीत बसले तर पाणी जाईना. जाईना कसलं, उलटं वर येत होतं! लालभडक, गढूळ, बुडबुडे काढत. मी मागचं दार उघडलं. परडं नव्हतंच. नुसती नदी होती. धुण्याचा दगड बुडाला होता आणि माझीच चप्पल तरंगत येऊन उंबऱ्याला थडकत होती.

"आबा, उठा! पाणी आलं!"

"कसं येईल?" आबा पेपर बाजूला न करता म्हणाले, "भोंगा कुठं वाजलाय?"

तोवर पाणी त्यांच्या तळपायाला लागलं होतं. ते खाली बघत राहिले. मग आतून बहिणीची हाक आली, "आक्का, कळ आली गं!"

गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी, रिक्षा येणार कुठून? गल्लीतल्या चौघांनी आबांच्याच खुर्चीत तिला बसवलं आणि खुर्ची खांद्यावर घेतली. ती खुर्चीचे हात धरून ओरडत होती. मागं आई कमरेएवढ्या पाण्यात. ती माणसांशी बोलतच नव्हती, नदीशी भांडत होती. "ओटी घेतलीस न्हवं गं माझी? मग ह्ये काय? ह्ये काय करतीस?" तो आवाज अजून माझ्या कानातनं जात नाही.

वरच्या कोरड्या रस्त्यावर रिक्षा मिळाली आणि मिरजेला पोचलो. मुलगी झाली आणि रडली. ते रडणं ऐकून आई दवाखान्याच्या भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

पाणी ओसरल्यावर गल्ली घाटावर जमली. सगळ्यांच्या घरात चिखल, कुणाचं धान्य भिजलेलं, कुणाची शेरडं गेलेली. साहेब नळा उघडायला आले होते आणि मी त्यांच्यावर तुटून पडले होते. माझं तोंड म्हणजे मुलखाचं फाटकं. "तुमचा भोंगा घाला चुलीत! माझी बहीण मेली असती म्हणजे?" ते बिचारे एकच सांगत होते, "बाई, काटा हललाच नाही हो. मी समोर बसून होतो."

त्यांच्या माणसानं वरचं झाकण काढून आत आकडा सोडला. काहीतरी गच्च बसलं होतं. ओढलं, पुन्हा ओढलं, आणि गाठोडं वर आलं. हिरवा खण, लाल काठ. आत नारळ. गोळ्यावर पडून नळ्यात पाचरीसारखा बसलेला. नदी चढली, पण गोळा जागचा हलला नव्हता.

मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. देवा, आता हे कुणाला कळू नये, एवढंच मनात आलं. मी आईकडं बघितलंसुद्धा नाही.

"माझी हाय ती," आई म्हणाली.

गर्दी सरकली. ती पुढं आली. "पायऱ्या निसरड्या हुत्या. झाकण उचलून बघितलं तर खाली माईचंच पाणी. म्हटलं, सरळ पडंल तिच्या वटीत."

शेजारची बाई ओरडली, "काकी, आवं आमची लेकरं झोपली हुती घरात!"

"व्हय," आई म्हणाली. खण हातात घेऊन तशीच उभी राहिली, सगळे घरी जाईपर्यंत.

पुढच्या वर्षी झाकणाला कुलूप लागलं. नदीला नवं पाणी आलं तशी आई छत्री घेऊन घाटावर जाऊन बसायला लागली. ओटी घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईचा हात धरून तिला पायऱ्या उतरवायची. एका दुपारी मी तिला जेवायला बोलवायला गेले. मी आणि लेकीला घेऊन बहीण, दोघीही त्या दिवशी माहेरी आलेलो. म्हटलं, "चल की. भोंगा हाय आता, कुलूपबी हाय."

"हाय की," ती पाण्यावरची नजर न काढता म्हणाली, "पर त्याला लेक न्हाई."

तासाभरात ती दारात आली, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. "देवळाच्या पायरीला लागलं. पोरीला घे." आबांनी या वेळी काही विचारलं नाही. भाचीला काखेत मारून आम्ही वरच्या गल्लीत पोचलो, आणि मग भोंगा वाजला.