अंतर्यामी विचारायला शिकतो

दातांच्या दवाखान्यामागच्या अरुंद खोलीत बसून तो कवळ्या बनवायचा. ठशावरून साचा, साच्यावर मेण, मेणात एकेक दात. वीस वर्षांत त्यानं शेकडो लोकांची हसायची सोय केली, पण त्यांतल्या एकाचंही तोंड पाहिलं नव्हतं. आणि त्याला तेच हवं होतं.

माणसांची त्याला धास्ती होती. घराबाहेर पडण्याआधी दाराच्या भिंगातून जिना निरखायचा. कुणाच्या चपला वाजल्या की कुलूप हातात धरून आतच उभा. फोन आला तर वाजून थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचा आणि मग 'कामात होतो' असा मेसेज टाकायचा. चारचौघांत छाती धडधडायची, तळहात ओले व्हायचे, बोलायला जावं तर जीभ टाळ्याला चिकटलेली. थोरली बहीण म्हणायची, "अरे, माणसंच आहेत ती, खात नाहीत." घरात सगळे त्याला भित्रा समजत. त्याचंही मत काही वेगळं नव्हतं.

चाळिशी उलटल्यावर एका रविवारी त्याच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. एक बाई अगदी संथ आवाजात सांगत होत्या, की काही मोजक्या माणसांमध्ये दुसऱ्याच्या भावना आपोआप शिरतात. अशांची गर्दीत छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. त्यानं तो व्हिडिओ तीनदा पाहिला. म्हणजे आपण भित्रे नव्हतोच! इतकी वर्षं आपण जगाचं दुःख वाहत होतो. एका रविवारात एवढी बढती फार थोड्यांना मिळते.

ही गोष्ट त्यानं दवाखान्यात फक्त स्वागताच्या टेबलावरच्या बाईंना सांगितली, म्हणजे सगळ्यांनाच.

"मग सांगा बरं, माझ्या मनात काय चाललंय?" बाईंनी हसत विचारलं.

खाली मान घालून तो पुटपुटला, "मोठं ओझं आहे. तुम्ही कुणाला दाखवत नाही."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हे ऐकून कुणाच्या येणार नाही? संध्याकाळपर्यंत त्याचं नाव 'अंतर्यामी' पडलं होतं. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत नर्स, सफाईवाल्या मावशी, औषधकंपनीचा विक्रेता, सगळे आपापलं मन घेऊन मागच्या खोलीत हजर. ज्यांच्यापासून तो वीस वर्षं लपला, तेच आता त्याला शोधत यायला लागले. बिचारा प्लास्टरच्या पोत्यांमागे बसून डबा खाऊ लागला.

त्यातच दवाखान्याच्या मॅडमनी फर्मान काढलं. "दोन महिन्यांनंतर दातांचा रंग तुम्ही स्वतः पेशंटला बघून ठरवायचा. मी सांगते एक आणि तुमच्याकडून येतं दुसरंच."

"मॅडम, नाही जमणार. लोकांचं सगळं माझ्यात शिरतं."

"असं? मग तसं डॉक्टरांचं पत्र आणा."

मॅडमनी टोमणा मारला होता. त्यानं मात्र रीतसर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. बरं व्हायला नव्हे, दाखला आणायला.

तिथल्या बाहेरच्या खोलीत आठ-नऊ जण बसले होते. एक मुलगी सारखे डोळे पुसत होती, एक गृहस्थ रुमालाच्या घड्या घालत आणि मोडत होते. आता आपण यांच्या दुःखाखाली चिरडणार, अशी मनाची तयारी करून तो कोपऱ्यात बसला. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. काहीच होईना. छाती आपली शांत.

आत गेल्यावर दाखल्याचं राहिलं बाजूला, त्यानं आधी हीच तक्रार केली. "डॉक्टर, एवढी दुःखी माणसं बसलीत बाहेर, आणि मला काहीच जाणवलं नाही. माझी शक्ती गेली की काय?"

डॉक्टर वयानं त्याच्याहून लहान होते. त्यांना हसू आलं नाही. "बाहेरची माणसं काय करत होती?"

"काही नाही. सगळे खाली बघत होते."

"म्हणजे तुमच्याकडे कुणी बघत नव्हतं."

त्याचे कान तापले आणि तळहात ओले झाले. खोलीत डॉक्टरांशिवाय कुणी नव्हतं, आणि डॉक्टर तर अगदी निवांत दिसत होते. हा घाम दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकायची सोयच नव्हती.

डॉक्टरांनी त्याला आजाराचं नाव सांगितलं. हा अनेकांना असतो आणि बरा होतो, हेही सांगितलं. गोळ्या दिल्या, गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाले. दर आठवड्याला बोलायला यायचं आणि घरी एक अभ्यास करायचा. समोरच्याच्या मनात काय आहे असं वाटतं, ते वहीत लिहायचं आणि मग त्यालाच विचारायचं.

"विचारायचं कसं?"

"तोंडानं," डॉक्टर म्हणाले.

दहा दिवस वहीत नुसतं लिहिणंच झालं. अकराव्या दिवशी त्यानं मॅडमना गाठलं. वहीत लिहिलं होतं, 'आपल्यावर मनातून चिडल्या आहेत. काढून टाकणार.'

"मॅडम, तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"तुमच्यावर? नाही हो." त्यांनी गाल दाबून धरला. "दाढ ठणकतेय चार दिवस. दाखवायला वेळ कुठाय?"

बहिणीकडे जायला त्याला आणखी महिना लागला. हा बोलायला लागला की ताई मान तिरकी करून कपाळाला आठ्या घालायची. त्याचा अर्थ त्यानं फार पूर्वीच लावला होता, 'हिला आपली लाज वाटते', आणि जाणं-येणं कमी केलं होतं. त्यानं धीर करून विचारलं.

"लाज?" ताई मान तिरकी करून म्हणाली. "अरे, या डाव्या कानानं मला सहा वर्षं ऐकू येत नाही. तू आधीच तोंडातल्या तोंडात बोलतोस."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, तुला न सांगता कळतं."

दोघंही हसली. मग ताईनं डोळे पुसले. ती का रडते हे त्याला कळलं नाही, आणि विचारायचं धैर्य त्या दिवसापुरतं संपलं होतं. तो नुसता तिच्या उजव्या बाजूला सरकून बसला.

दाखल्याचा विषय पुन्हा निघालाच नाही. दवाखान्यात मात्र नाराजी पसरली. "आधी न सांगता ओळखायचे, आता विचारत बसतात," स्वागताच्या बाई म्हणाल्या. "मग उपयोग काय?"

ठरल्याप्रमाणे तो रंग बघायला पुढच्या खोलीत गेला, तेव्हा त्याच्यासमोर पहिल्या बसल्या त्या एक आजीबाई, तोंडाचं पूर्ण बोळकं झालेल्या. दातांच्या रंगांची पट्टी त्यानं दोनदा खाली पाडली. शेवटी कसंबसं विचारलं, "कसे दात हवेत तुम्हाला?"

आजी चाळीस मिनिटं बोलल्या. सुना, शेजारीण, गुडघे, आधीच्या डॉक्टरांचा आगाऊपणा. पंचविसाव्या मिनिटाला त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला चक्क कंटाळा आलाय. आजी इतक्या रंगल्या होत्या, की तो कंटाळा त्यांच्याकडून आलेला असणं शक्यच नव्हतं.

"फार पांढरे नकोत," आजी शेवटी म्हणाल्या. "थोडे पिवळट दे. लोकांना खरे वाटले पाहिजेत."

त्यानं पट्टीवरचा एक रंग त्यांच्या गालाशी धरून पाहिला, आकडा लिहून घेतला आणि बाहेर डोकावून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.